बायबलमधला हेरोद एकच नव्हे: नावांच्या गोंधळातल्या या चुका टाळा

नाताळच्या लेखात ज्या हेरोदाने बेथलेहेमची बाळे मारली, तोच हेरोद गुड फ्रायडेच्या लेखात येशूची चौकशी करताना दिसतो. हे घडणे शक्यच नव्हते. थोरला हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला आणि येशूला वधस्तंभावर खिळले ते त्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी.

हेरोद हे नाव त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालले, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा गुंता सुटतो. रोमच्या सिनेटने थोरल्या हेरोदाला इ.स.पू. 40 मध्ये यहूद्यांचा राजा नेमले. यरुशलेमचे मंदिर नव्याने बांधायला घेतले तेही त्यानेच. त्याच्यामागे राज्याची मुलांत वाटणी झाली. यहूदीया अर्खेलावाकडे गेला, पण इ.स. 6 मध्ये रोमने त्याला पदावरून काढले आणि तिथे रोमचे सुभेदार येऊ लागले. पिलात त्यांच्यापैकीच. गालील मिळाला हेरोद अंतिपाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद याने करवला आणि लूकच्या शुभवर्तमानात (येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) पिलाताने येशूला पाठवले तेही याच्याचकडे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात याकोबाला तलवारीने मारवणारा हेरोद आणखी वेगळा. तो पहिला अग्रिप्पा, थोरल्याचा नातू, इ.स. 44 मध्ये वारला. प्रेषित पौलाने ज्याच्यापुढे आपली बाजू मांडली तो दुसरा अग्रिप्पा म्हणजे या पहिल्याचा मुलगा.

शंका आली की प्रसंग कुठल्या प्रांतात घडतोय ते आधी पाहा, पदवी नंतर. 'मांडलिक हेरोद' म्हणजे अंतिपा हे खरे. पण मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात त्याच अंतिपाला 'राजा' म्हणतो, आणि नुसत्या पदवीवर विसंबणारा तिथे हमखास चुकतो.

थोरला हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला, तर त्याच्या हयातीत ख्रिस्तजन्म कसा, असा प्रश्न बरेच जण विचारतात. इसवी सनाची गणना सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिग्यूअस या भिक्षूने केली आणि ती काही वर्षांनी चुकली. मत्तयाच्या वृत्तांतानुसार येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीतला, म्हणजे इ.स.पू. 4 च्या आधीचा धरावा लागतो.

याकोब तर एकाच अध्यायात दोन आहेत. कृत्ये 12 च्या सुरुवातीला जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ याकोब मारला जातो आणि पुढे 17व्या वचनात पेत्र म्हणतो, याकोबाला हे कळवा. हा दुसरा, 'प्रभूचा बंधू' म्हणवला जाणारा, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी. नाव दिसताच पुढे-मागे चार वचने वाचायची सवय ठेवा. अंतिपाची बायको हेरोदिये हिच्या नाचणाऱ्या मुलीचे नाव सलोमे, असेही सर्रास लिहिले जाते. शुभवर्तमानांत तिला नावच नाही. हेरोदियेच्या मुलीचे हे नाव कळते ते इतिहासकार योसेफसकडून. मार्कमध्ये वधस्तंभाकडे दुरून पाहणारी सलोमे निराळीच बाई आहे.

सगळ्यांत जास्त अन्याय झाला तो मरीया मग्दालीयेवर. तिला वेश्या म्हणणारे एकही वचन नाही. लूक 8 मध्ये तिच्यातून सात भुते निघाल्याचे आणि ती येशूच्या कार्याला आपल्या पैशांतून हातभार लावणाऱ्या स्त्रियांपैकी असल्याचे सांगितले आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री निनावी आहे, आणि बेथानीची मरीया तिसरी. पोप पहिले ग्रेगरी यांनी 591 च्या सुमारास एका प्रवचनात या तिघींना एक केले, आणि पश्चिमेकडच्या चित्रांत व प्रवचनांत तेच रुजले. पूर्वेकडच्या चर्चने त्यांना वेगळेच मानले. रोमन कॅथलिक दिनदर्शिकेत 1969 मध्ये हे दुरुस्त झाले आणि 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना देणाऱ्या बाईची ओळख आजही 'पश्चात्ताप झालेली वेश्या' अशी छापली जावी, हे मनाला लागते. निदान रविवारच्या शाळेत तरी मुलांना हे शिकवू नका.

मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी, तीन होते, असे मत्तय म्हणत नाही. भेटी तीन: सोने, ऊद, गंधरस. ते आले तेही घरात, गोठ्यात नव्हे. गोव्यात रेइश मागुश आणि चांदर इथे 6 जानेवारीला तीन राजांचा सण थाटात होतो, तो जरूर पाहा. मात्र गास्पार, मेल्कियोर, बाल्ताझार ही नावे लिहिताना 'परंपरेनुसार' हा शब्द जोडा.

परूशी आणि सदूकी या त्या काळच्या दोन यहूदी पंथांनाही एका माळेत ओवू नका. सदूकी मुख्यतः याजकवर्गातले आणि पुनरुत्थान न मानणारे. परूशी ते मानणारे. कृत्ये 23 मध्ये पौल यहूदी न्यायसभेपुढे पुनरुत्थानाचा विषय काढतो आणि दोघे आपसांत भांडू लागतात. हा फरक माहीत नसेल तर तो प्रसंग कळतच नाही. परूशी म्हणजे ढोंगी, असे सरसकट लिहिल्याने यहूदी समाजाविषयीच्या द्वेषाला शतकानुशतके खतपाणी मिळाले आहे. प्रेषितांना सोडून द्या असे सभेला सांगणारा गमलिएल परूशी होता, निकदेम परूशी होता, आणि पौल स्वतःला परूशीच म्हणवत असे.