पंधरापैकी आठ

लर्निंग लायसनच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झाले, तेही एका प्रश्नाने. पंधरा प्रश्न, पास व्हायला नऊ बरोबर लागतात, माझे आठ आले. वय बेचाळीस, कोथरूडमध्ये वीस वर्षं, आणि कर्वे रस्त्यावर रोज कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून 'अरे, हळू!' म्हणायचा दांडगा अनुभव. घरात कुणी तोंडावर हसलं नाही, तेच जास्त लागलं.

तयारी काहीच केली नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले होते, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, त्यात काही नसतं." नाही घेतलं.

त्या रात्री आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवले आणि ध्यानात आलं, की माझी चुकलेली उत्तरं मला पुण्याच्या रस्त्यांनी शिकवली होती. पुढच्या गाडीला कुठून ओव्हरटेक करायचं? आपल्याकडे जिथून जागा मिळेल तिथून. नियमात उजवीकडून. डावीकडून फक्त तेव्हाच, जेव्हा पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिलेला असतो. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरतेय, तर काय कराल? मी मनातल्या मनात हॉर्न वाजवला होता. उत्तर आहे, थांबा आणि तिला जाऊ द्या. वनवेवर काय करायचं नाही? मी 'पार्किंग' निवडलं, कारण लक्ष्मी रस्त्याचा धसका. खरं उत्तर, रिव्हर्स गाडी चालवायची नाही. घाटात आधी वाट कुणाला? चढणाऱ्याला. कात्रजच्या घाटात शेकडो वेळा बसले असेन, पण हा विचारच कधी केला नव्हता. तेव्हा नवख्यांना पहिली सूचना: प्रश्न वाचताना 'लोक काय करतात' हे डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट भाषेची. परीक्षेसाठी मराठी निवडलीत, तर सरकारी मराठी आधी डोळ्यांखालून घाला. लायसन म्हणजे तिथे 'अनुज्ञप्ती'. एका प्रश्नाला तीस सेकंद, त्यातली पाच मी या शब्दाकडे बघण्यात घालवली.

चिन्हांसाठी माझी भाची कामाला आली. ती अठरा पूर्ण झालेली, तिलाही लायसन काढायचं होतं. रोज संध्याकाळी नळ स्टॉपपासून कर्वे पुतळ्यापर्यंत चालत जायचं आणि दिसेल ती पाटी ओळखायची. आधी आकार, मग चित्र. लाल काठाचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा, निळा गोल म्हणजे हे कराच, त्रिकोण म्हणजे पुढे सांभाळा, निळा चौकोन नुसती माहिती. टोक खाली असलेला त्रिकोण एकटाच, 'इतरांना वाट द्या'. अष्टकोनही एकटाच, 'थांबा'. एवढं पक्कं झालं की चित्र कळलं नाही तरी पर्यायातले दोन आपोआप गळतात.

मला नडली ती नो पार्किंगची जोडी. लाल काठाचा निळा गोल, त्यात एक तिरकी लाल रेघ असली तर पार्किंग नाही. दोन रेघांची फुली असली तर गाडी क्षणभरही थांबवायची नाही. भाचीने तोडगा काढला. "मावशी, एक रेघ म्हणजे भाजी घेऊन येईपर्यंत गाडी लावू नकोस. फुली म्हणजे भाजीवाल्याला भावसुद्धा विचारू नकोस." हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. सम-विषम तारखांच्या पी-वन, पी-टू पाट्या मात्र खास आपल्या. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

आकडे फ्रिजवर चिकटवले होते: रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमपर्यंतच दारू, लर्निंगची मुदत ६ महिने, पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनंतर, बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी. सिग्नलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर थांबून, बघून जायचं. पिवळा असेल तर वेग कमी करून.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ पासून आधार आणि ओटीपीवर ही परीक्षा घरी बसून देता येते. ते नको असेल तर आरटीओत जाऊन. चाळिशी ओलांडली असेल तर नमुना १-अ वर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा. घरून देताना खिडकीकडे पाठ करून बसू नका. माझा चेहरा कॅमेऱ्यात काळा दिसत होता आणि परीक्षेआधीच घाम फुटला.

आणि पास झालात म्हणून मैत्रिणीला मागे बसवून सिंहगडाला निघू नका. लर्निंगवर टू-व्हीलरच्या मागे फक्त शिकवणारा, तोही लायसनवाला, बसू शकतो. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवाच.

दुसऱ्या वेळी माझे चौदा आले. भाचीची परीक्षा त्यानंतर चार दिवसांनी होती. सराव करताना ती एकाच प्रश्नाला खूप हसली होती: फाटकवाला नसलेलं रेल्वे फाटक आलं तर काय कराल? उत्तर, गाडी डावीकडे थांबवा, खाली उतरा, रुळापर्यंत जाऊन दोन्हीकडे बघा. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं रेल्वेने २०१९ पर्यंत बंद केली, मग पुण्यात कोण कशाला उतरतंय, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पाठ कर.

दुपारी तिचा मेसेज आला: "तेरा. मावशी, फाटक आलं होतं. उतरले."