कच्च्या आहारात पायांना मुंग्या आल्या, त्या कशा गेल्या

गेल्या वर्षी पाच महिने मी फक्त कच्चं खाल्लं. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या मंडईतून काकडी, गाजर, पालक, फळं आणायची, मूग-मटकीला घरीच मोड आणायचे. पहिले तीन आठवडे छान गेले, वजनही उतरलं. मग रात्री पोट फुगून तट्ट व्हायला लागलं. चौथ्या महिन्यात तळपायांना मुंग्या, आणि तलावपाळीला एक फेरी मारली की धाप.

रक्त तपासलं, बी१२ जीवनसत्त्व १४२, म्हणजे कमी. मुंग्या आणि धाप त्यामुळेच. मी जन्मापासून शाकाहारी, साठा आधीच कमी असणार. त्यात दूध-दहीही बंद केलेलं. भाजी कितीही ताजी असली तरी तिच्यात बी१२ नसतं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं!

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या. स्वयंपाकघरातला बदल माझा मी केला. मोड आलेली मटकी आता वाफवतेच. दाणा बोटांत दाबला की मऊ चुरडला पाहिजे, मग वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. आपल्याकडच्या दमट हवेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, वाफेने ती भीती पुष्कळ कमी होते. पालक उकळून पाणी टाकते, त्यातलं बरंच ऑक्झलेट (मुतखड्याला हातभार लावणारा घटक) निघून जातं. दुपारी वाटीभर दही.

कच्चं पूर्ण सोडलं नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून पेरू आणि लिंबू पिळलेली कोशिंबीर रोज असतेच.

पोट आठवड्याभरात शांत झालं. मुंग्या जायला मात्र तीन महिने लागले.