गाडीच्या लेदर सीटवरचे डाग घरच्या घरी कसे काढाल?

गाडीच्या सीटच्या लेदरवर बहुधा रंगाचा आणि त्यावर पारदर्शक लेपाचा पातळ थर असतो. डाग या लेपावर बसतो, म्हणूनच तो निघतो. पण जोर लावून घासलं की डागाआधी लेप जातो आणि खरखरीत, फिकट चट्टा उरतो. त्याला घरगुती उपाय नाही.

आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच टिकला तर लेप आहे. चामड्याने पाणी शोषलं आणि जागा गडद झाली, तर डाग फक्त कोरड्या कापडाने टिपा आणि पुढचं काम जाणकाराकडे सोपवा. पुढचे उपायही याच कोपऱ्यात आधी करून पाहा.

मळ, चहा, सरबत यांच्यासाठी 250 मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू पुरतो. मायक्रोफायबरचं कापड त्यात बुडवून घट्ट पिळा, हलक्या हाताने पुसा, मग साध्या ओल्या कापडाने साबण काढून लगेच कोरडं करा. दुधाचा चहा शिलाईत राहिला तर वास सुटतो. तिथे मऊ टूथब्रश फिरवा. बारीक छिद्रांच्या सीटवर पाणी फवारू नका. ते खालच्या फोममध्ये मुरतं, आणि सीटखाली वायरिंग व सेन्सर असतात.

हळदीचा डाग सगळ्यात चिवट. त्यावर खायचा सोडा किंवा कपड्यांचा साबण लावला की डाग लाल होतो, कारण हळदीचा रंग अल्कलीमध्ये बदलतो. घाबरू नका, पण आणखी घासूही नका. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसलं की तो पुन्हा पिवळा होतो. आधी रस्सा चमच्याने उचला, टिपा, मग शाम्पूचं पाणी वापरा. उरलेल्या पिवळेपणावर ऊन हाच खरा उपाय: काच खाली करून सकाळचं कोवळं ऊन तासभर, असं दोन-चार दिवस. दुपारचं कडक ऊन नको, त्याने लेदर सुकतं.

हेडरेस्टवर डोक्याचं तेल लागलं असेल तर टिपून त्यावर कॉर्नफ्लोअर पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झटका. जुनं, मुरलेलं तेल याने पूर्ण निघत नाही.

बॉलपेनची शाई निघते ती अल्कोहोलने, पण अल्कोहोल सीटचा रंगही विरघळवतं. कान साफ करायची कापसाची काडी सॅनिटायझरमध्ये जेमतेम ओली करा आणि रेघेवर टेकवत जा, फिरवू नका. प्रत्येक वेळी नवी काडी घ्या. काडीवर सीटचा रंग उतरला की तिथेच थांबा; पुसट रेघ परवडली, उडालेला रंग नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, सीटवर पांढरी बुरशी धरते. सगळी दारं उघडून, तोंडाला मास्क लावून ती कोरड्या कापडाने उचला आणि कापड फेकून द्या. मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, साध्या ओल्या कापडाने पुन्हा पुसा आणि वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या. ओल राहिली तर बुरशी परत येते.

नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लीच, टूथपेस्ट आणि पांढरा मॅजिक स्पंज सीटजवळ आणू नका. पहिले दोन लेप आणि रंग खातात, पुढचे दोन तो खरवडतात. चमक यावी म्हणून खोबरेल तेलही लावू नका. सीट चिकट होते, धूळ धरते आणि कपड्यांना डाग पडतात. सुकलेल्या सीटवर लेदर कंडिशनरचा पातळ हात पुरे.