गाडीतील सबवूफरसाठी पेटी कशी आखावी

सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, पेटीशिवाय नुसताच टेबलावर ठेवून वाजवला, तर कोन (शंकूसारखा हलणारा पडदा) जोरात हलताना दिसतो, पण खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन्ही लहरी कडेने वळसा घालून एकत्र येतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. मागची लहर अडवून ठेवणे हे पेटीचे पहिले काम, तर आतल्या हवेने कोनाला स्प्रिंगसारखा नेमका प्रतिकार करणे हे दुसरे. पहिले काम कोणतीही घट्ट पेटी करते. दुसऱ्यासाठी मात्र फळी कापण्यापूर्वी कागदावर बसावे लागते.

सुरुवात सबवूफरच्या माहितीपत्रकापासून करावी. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात जी मांडणी केली, तिच्यामुळे आज काही मोजक्या आकड्यांवरून पेटीचे वागणे आधीच सांगता येते. त्यांतले तीन आपल्याला लागतील. एफएस म्हणजे सबवूफरची स्वतःची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या स्वरावर कोन आपसूक सर्वांत सहज डोलतो तो स्वर, हर्ट्झमध्ये. व्हीएएस म्हणजे कोनाच्या टांगणीइतकाच (कोन ज्या लवचीक कडेवर आणि आधारावर तोललेला असतो तिच्याइतकाच) लवचीकपणा असलेल्या हवेचे घनफळ, लिटरमध्ये. क्यूटीएस हा आकडा अनुनादावर कोनाला किती लगाम बसतो ते दाखवतो. तो जितका लहान, तितका लगाम घट्ट. पेट्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटच्या आकड्याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही.

यानंतर बंद पेटी की पोर्टवाली, म्हणजे हवेच्या ये-जा साठी नळी बसवलेली, हे ठरवावे. माहितीपत्रकात क्यूईएस हा आकडाही असतो; तो लगामाचा फक्त विद्युत भाग दाखवतो. एफएसला त्याने भागल्यावर उत्तर साधारण ५०च्या खाली आले तर सबवूफर बंद पेटीकडे झुकतो, १००च्या वर गेले तर पोर्टकडे, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतात. पहिलीच पेटी करणाऱ्याने बंद पेटी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला सोपेपणाखेरीज आणखी एक कारण आहे. बंद पेटीचा आवाज तिच्या अनुनादाखाली दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो. गाडीच्या बंदिस्त जागेत मात्र ध्वनीची अर्धी तरंगलांबी आतल्या लांबीहून मोठी झाली, की खालचे स्वर जवळपास त्याच प्रमाणात उचलले जातात. आतली लांबी २.७ मीटर असेल तर हे सुमारे ६४ हर्ट्झपासून सुरू होते. प्रत्यक्षात काचा, दारे आणि पत्रा यांतून थोडा दाब निसटतो, त्यामुळे पूर्ण भरपाई होत नाही. तरीही घरात कोरडी वाटणारी बंद पेटी गाडीत अगदी खोलवर उतरते.

आता घनफळ काढू. बंद पेटीत सबवूफर बसवल्यावर मिळणाऱ्या एकत्रित क्यूला, म्हणजे लगामाच्या आकड्याला, क्यूटीसी म्हणतात आणि ०.७०७ हे त्याचे सर्वमान्य मूल्य आहे, कारण त्यावर उंचवटा न येता सपाट प्रतिसाद मिळतो. क्यूटीसीला क्यूटीएसने भागावे, उत्तराचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि व्हीएएसला त्या संख्येने भागावे. समजा, एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. ०.७०७ ला ०.४५ ने भागल्यास १.५७ येतात, त्यांचा वर्ग २.४७, वजा १ केल्यावर १.४७, म्हणजे पेटी सुमारे ४१ लिटरची हवी. ३० ला त्याच १.५७ ने गुणले की पेटीतला अनुनाद मिळतो : ४७ हर्ट्झ. डिकीत एवढी जागा नसेल आणि २५ लिटरवर भागवले, तर क्यूटीसी ०.८३ आणि अनुनाद ५५ हर्ट्झ होतो. आवाज किंचित फुगीर येतो, पण पेटी फसली असे म्हणण्याचे कारण नाही.

हे ४१ लिटर निव्वळ हवेचे आहेत. सबवूफरचे चुंबक आणि सांगाडा, आतल्या आधारपट्ट्या यांनी व्यापलेली जागा त्यात मिळवावी लागते. त्यासाठी ४ लिटर धरले तर आतून ४५ लिटर हवेत, म्हणजे ४५ × ३२ × ३१.२५ सेंटिमीटर. १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) वापरला, की प्रत्येक बाहेरचे माप ३.६ सेंटिमीटरने वाढते. माझ्या पहिल्या पेटीत मी नेमकी हीच बेरीज विसरलो. पेटी देखणी झाली, पण डिकीच्या तोंडातून आत जाईना. तेव्हापासून मी बाहेरच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून ते आधी डिकीत ठेवून पाहतो. मागच्या सीटच्या उतारामुळे पेटी वर २५ आणि खाली ३५ सेंटिमीटर खोल ठेवायची असेल, तर घनफळासाठी सरासरी ३० धरावे. ही खोली आतली आहे, हे ध्यानात असू द्यावे. चुंबकामागे हवेचे भोक असल्यास फळीपर्यंत किमान ४-५ सेंटिमीटर अंतर सोडावे.

पोर्टवाल्या पेटीत नळीची लांबी पेटी कोणत्या स्वरावर बोलणार ते, म्हणजे तिचे ट्यूनिंग, ठरवते. एका गोल नळीसाठी तिच्या आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमधला वर्ग २३५६२.५ ने गुणावा, ट्यूनिंगच्या हर्ट्झचा वर्ग गुणिले पेटीचे निव्वळ लिटर याने भागावे आणि त्यातून व्यासाची ०.७३२ पट वजा करावी. ५० लिटर, ३५ हर्ट्झ आणि १० सेंटिमीटर व्यासासाठी ही लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर येते. नळी आत असेल तर तीही जवळजवळ ३ लिटर जागा खाते. व्यास लहान घेतल्यास नळी आखूड होते, पण हवा फुसफुसू लागते. ट्यूनिंगच्या खाली कोनावरचा हवेचा लगाम सुटतो, म्हणून अँप्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर अडवणारी सोय) लावणे मी सक्तीचेच मानतो.

जोडणीत फार गूढ काही नाही. स्क्रूसाठी आधी भोके पाडावीत, नाहीतर एमडीएफची कड फाटते. लाकडाचा गोंद सढळ हाताने लावावा, आणि मोठ्या फळ्यांना आतून आधार द्यावा. सांध्यांवर फिरवलेले सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत सबवूफर बसवू नये, कारण व्हिनेगरसारख्या वासाच्या सिलिकॉनची वाफ कोनाच्या चिकटजोडांना बाधू शकते.

शेवटी तपासणी. बंद पेटीत बोटे पसरून कोन हळूच आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश जागेवर आला तर पेटी घट्ट आहे. झटकन आला तर हवा गळते आहे, आणि बहुधा टर्मिनलच्या (तारा जोडण्याच्या जागेच्या) कडेने. पोर्टवाल्या पेटीत मध्यम आवाजावर २५ ते ४५ हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर एकेक करून वाजवावेत आणि कोनाकडे पाहत राहावे. ज्या स्वरावर नळीतून वारा जोरात येतो आणि कोन मात्र जवळजवळ थांबतो, तेच खरे ट्यूनिंग. ते हवे त्यापेक्षा खाली आले असेल तर नळी एकेक सेंटिमीटर कापत जावी. वर आले असेल तर लांब नळी घालण्यावाचून उपाय नाही, म्हणून मी पहिली नळी नेहमी २-३ सेंटिमीटर जास्तच ठेवतो.