पावसाळ्यातली हगवण आणि नेहमीच्या शेणतपासणीत न दिसणारा परजीवी

पाऊस लागला की गोठा ओला राहतो, वासरं-करडं हगवतात आणि आपण जंताचं औषध पाजून मोकळे होतो. लहान वासरांत रोटा विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम, कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी ही कारणं नेहमीची, त्यामुळे आधी ती तपासून घ्या. त्यातलं काहीच सापडलं नाही आणि हगवण रेंगाळली, तर मायक्रोस्पोरिडियाची शंका घ्या.

हे बुरशीच्या जवळचे परजीवी आहेत. आतड्यात सर्वाधिक आढळणारी जात एन्टेरोसायटोझून बायन्युसी. तिचा बीजाणू (शेणातून बाहेर पडून रोग पसरवणारा कण) जेमतेम १ ते १.५ मायक्रॉनचा, म्हणजे जिवाणूएवढा. जंतांची अंडी शोधणाऱ्या नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही, म्हणून ‘जंत नाहीत’ असा अहवाल आला तरी हा परजीवी नाही असं समजू नका. त्यासाठी क्रोमोट्रोप हे खास रंजक किंवा कॅल्कोफ्लुअर हे चमकणारं रंजक वापरावं लागतं. जात आणि जनुकप्रकार (जातीतला उपप्रकार) मात्र पीसीआर या डीएनए-तपासणीनेच ठरतो. प्रयोगशाळेला नाव घेऊन सांगा: ‘मायक्रोस्पोरिडिया तपासा.’

नमुना जमिनीवरचा उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून ताजं शेण घ्या. बीजाणू रोज पडतातच असं नाही, म्हणून एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्या. पीसीआर करायची असेल तर डबीत फॉर्मॅलिन घालू नका, त्याने डीएनए खराब होतो. नमुना बर्फावर ठेवून लवकर पोचवा.

निदान झालं तरी अल्बेंडाझोल या जंताच्या औषधावर विसंबू नका. मायक्रोस्पोरिडियातल्याच एन्सेफॅलिटोझून गटावर ते चालतं, बायन्युसीवर फारसं नाही. गाभण जनावराला तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय देऊच नका. हगवणाऱ्या वासराला वेगळं, कोरड्या जागी बांधून क्षार-पाणी देत राहणं जास्त मोलाचं.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या माणसांची. गाई, शेळ्या, डुकरं, कुत्री, मांजरं अगदी धडधाकट दिसतानाही बीजाणू टाकत असतात. बायन्युसीचे काही जनुकप्रकार, उदाहरणार्थ ‘डी’, माणसांत आणि जनावरांत दोन्हीकडे सापडतात. जनावरांचे सगळेच प्रकार माणसाला लागतात असं नाही, आणि निरोगी माणसाची हगवण बहुधा आपोआप थांबते. पण एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला महिनोन्‌महिने पातळ जुलाब होऊन तो खंगू शकतो. अशा माणसाने गोठा झाडू नये, वासरांना पाजू नये.

पाणी आणि भाजीपाला या वाटा विसरू नका. २००९ मध्ये स्वीडनमध्ये बायन्युसीमुळे शंभरावर लोक एकाच वेळी आजारी पडले, तेव्हा संशय कच्च्या काकडीवर गेला होता. कच्चं शेण भाजीच्या वाफ्यात टाकू नका. ढिगाला आतून चांगली ऊब चढून खत पूर्ण कुजू द्या. उकिरडा विहिरीच्या चढाला नको, कारण पावसाचं पाणी त्यातून झिरपून विहिरीत येतं. बीजाणूंचं कवच चिवट असतं, नुसत्या क्लोरिनवर भागत नाही. पिण्याचं पाणी खळखळ उकळा, दूधही उकळूनच घ्या.

घरात ससे असतील तर मान वाकडी होणं, तोल जाणं याकडे लक्ष ठेवा. त्यांच्यातली एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली ही जात लघवीतून पसरते, त्यामुळे पिंजरा साफ करताना हातमोजे हवेतच.

आणि घरातल्या कुणाचे जुलाब दोन आठवडे थांबले नाहीत, तर डॉक्टरांना घरी कोणती जनावरं आहेत हे आपणहून सांगा.