फँटसी गेममधला गुरू कसा लिहायचा

गेम सिरीज लिहिताय आणि त्यात एक शहाणा म्हातारा हवाय, तर पहिलं काम म्हणजे त्याला काहीतरी धंदा द्या. नुसता ज्ञान पाजळणारा असला की लोक स्किपचं बटण दाबतात, सिंपल. डायब्लो या गेम सिरीजमधला म्हातारा डेकार्ड केन बघा ना, पहिल्या गेममध्ये तो अनोळखी वस्तू ओळखून द्यायचा आणि त्याचे १०० गोल्ड घ्यायचा, म्हणजे गोष्टी ऐकायच्या नसल्या तरी प्लेयरला त्याच्याकडे जावंच लागायचं. मग डायब्लो २ मध्ये ट्रिस्ट्रम गावात पिंजऱ्यात अडकलेल्या केनला सोडवलं की तेच काम फुकट! इथे बघा, कृतज्ञता डायलॉगमधून नाही तर थेट गेमप्लेमधून दाखवलीये, मला तर हे कुठल्याही भाषणापेक्षा भारी वाटतं.

दुसरं, तो स्वतः का लढत नाही याचं कारण ठरवून ठेवा, वय, जखम, शपथ, काहीही चालेल, पण नसेल तर प्लेयर विचारणारच की बाबा तूच जा ना.

माहिती एकदम ओतू नका. दोन-तीन ओळी आपोआप, बाकीचं ज्याला हवं तो क्लिक करून ऐकेल.

आणि मारायचाच असेल तर घाई नको, केन डायब्लो ३ मध्ये गेला, तोपर्यंत लोकांना त्याची सवय झालेली होती. पहिल्याच गेमच्या दहाव्या मिनिटाला मारलात तर कोणाला काय फरक पडतोय.