आंदोलन तिसऱ्या महिन्यात का बसतं? या चुका टाळा

पुण्यात टेकडी वाचवा, नदी वाचवा, कंत्राटी कामगारांचा मोर्चा, काही ना काही चालूच असतं आणि दोनतीन महिन्यांनी रडगाणं तेच, सुरुवातीला केवढी गर्दी होती अन् आता मीटिंगला कोणी फिरकत नाही. लोक स्वार्थी झालेत म्हणून मोकळे होऊ नका, घोळ बहुतेक वेळा आधीच झालेला असतो.

मोठी चूक म्हणजे आपल्याकडचे सगळे एकाच गोष्टीसाठी आलेत असं धरून चालणं. मुळशी सत्याग्रह घ्या ना. 1921 च्या रामनवमीला मावळे, म्हणजे मुळशी खोऱ्यातले शेतकरी, टाटा कंपनीच्या धरणाचं काम अडवायला उतरले. जमीन कसायचे ते, पण कागदावर बरीचशी जमीन पुण्यातल्या सावकारांची, आणि सावकारांचं लक्ष मोबदल्यावर. मावळ्यांना जमीनच हवी होती. सत्याग्रहाचे पुढारी सेनापती बापट, भुस्कुटे जेलात गेले, बापटांना तर पुढे 7 वर्षांची शिक्षा लागली, तरी धरण झालंच. फक्त फुटीमुळे हरले असं मी म्हणणार नाही, सरकार आणि कायदा दोन्ही कंपनीच्या बाजूने होते, पण सावकार सरकले आणि मावळे उघडे पडले हे खरंच. म्हणून पहिल्याच मीटिंगला थेट विचारा, अर्धी मागणी मान्य झाली तर कोण कोण थांबणार? बंगलेवाल्याचं आणि वस्तीतल्या बाईचं उत्तर वेगळं येणार, येऊ दे, पण ते आत्ता कळू दे.

दुसरं, नको ते लिहून ठेवणं. वासुदेव बळवंत फडक्यांची रोजनिशी 1879 मध्ये पोलिसांच्या हाती लागली आणि खटल्यात त्यांच्याच विरोधात पुरावा झाली. आणि आपण? सगळ्यांचे नंबर, पत्ते, आधारचे फोटो बिनधास्त ग्रुपवर! वर्गणीचा हिशोब मात्र पैन् पै लिहा, तिथे लपवाछपवी केली की संपलंच.

कोर्टाचा स्टे आला की मांडव गुंडाळणं हीपण चूकच. डिसेंबर 1927 ला महाडला मनाई हुकूम आला, बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर पाणी घेणं पुढे ढकललं, पण परिषद झाली, मनुस्मृती जाळली, मिरवणूक निघाली. हायकोर्टाचा निकाल लागला थेट 1937 ला.

आणि जिंकल्यावर काय, हे आधीच ठरवा. संयुक्त महाराष्ट्र समिती 1956 ला आपल्या पुण्यातच स्थापन झाली, 1960 ला राज्य मिळालं, लगेच एकेक पक्ष आपापल्या वाटेने निघाला आणि बेळगावचा प्रश्न राहिला तो राहिलाच.